बेळगाव ओळखायचे तर पेठेतून

मलेशियातली मुले डॉक्टर व्हायला बेळगावला येतात, ही गोष्ट बेळगावबाहेरच्या बहुतेक मराठी वाचकांना अजून ठाऊक नसते. युनिव्हर्सिटी साइन्स मलेशिया हे तिथले सरकारी विद्यापीठ आणि बेळगावची केएलई संस्था यांनी मिळून २०१० मध्ये एक वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थी मलेशियाचे, पदवीही मलेशियाची. पण शिकायचे नेहरूनगरातल्या केएलईच्या आवारात, आणि ज्यांच्या नाडीवर हात ठेवून शिकायचे ते रुग्ण बेळगाव, खानापूर, बैलहोंगल, चंदगडकडचे. या मुलांत मलय असतात, चिनी वंशाचे असतात, तीन-चार पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या तमिळ घरांतलेही असतात. आठवडाभर वर्ग, वॉर्ड आणि वसतिगृह या तीन ठिकाणी त्यांचा दिवस संपतो. हाती उरतो तो रविवार, नाहीतर सणाची सुटी. त्या दिवशी ही मुले काय करतात? जगातल्या कोणत्याही परक्या शहरातला विद्यार्थी जे करतो तेच करतात: काहीतरी बघतात, काहीतरी विकत घेतात, काहीतरी खातात. या फिरण्याला आपण मौजमजा म्हणतो आणि सोडून देतो. माझे म्हणणे असे, की बेळगावसारख्या सीमेवरच्या शहरात हा एक दिवस शिक्षणाचाच भाग आहे. या शहराविषयी जे वर्गात सांगता येत नाही आणि सभांतून कोणी सांगत नाही, ते पेठेत कळते. म्हणून या दिवसाची काळजी शहराने, महाविद्यालयांनी आणि इथल्या मराठी घरांनीही घ्यायला हवी.

आधी परका कोण हे ठरवले पाहिजे, कारण बेळगावात या प्रश्नाचे उत्तर नकाशावरून देता येत नाही. चंदगड तालुका महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात. पण तिथल्या माणसाला कोल्हापूर शंभर किलोमीटरहून दूर आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ. त्याचा बाजारहाट, दवाखाना आणि पुष्कळदा मुलांचे कॉलेजही बेळगावात. त्या घरातली मुलगी दुसऱ्या राज्यात शिकायला येते, पण मामाच्या गावी आल्यासारखी वावरते. उलट बेंगळुरूहून अभियांत्रिकीसाठी आलेला मुलगा कागदोपत्री आपल्याच राज्यात असतो, पण गणपत गल्लीत शिरला की कानावर पडणारी मराठी त्याला अनोळखी असते. मुंबई आणि बेंगळुरू या दोन्ही राजधान्या इथून साधारण पाचशे किलोमीटरवर. निपाणीजवळ तर याहून नवलाची स्थिती आहे. निपाणी कर्नाटकात, आणि निपाणीच्या मुलांचे देवचंद कॉलेज शेजारच्या अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली. तिथली मुले रोज राज्य ओलांडून तासाला बसतात आणि राज्य ओलांडून जेवायला घरी येतात. लिंगराज कॉलेज १९३३ चे, राणी पार्वतीदेवी कॉलेज १९४५ चे, गोगटे इन्स्टिट्यूट १९७९ चे, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ चे. जवळपास शंभर वर्षे हे शहर बाहेरच्या मुलांना शिकवत आले आहे. मलेशियाचा विद्यार्थी या जुन्या रांगेतला सर्वांत लांबून आलेला, एवढेच. म्हणून त्याचा दिवस नीट पाहिला तर बाकीच्या सगळ्यांचा दिवसही उमगतो.

सकाळची सुरुवात बहुधा किल्ल्यापासून होते, आणि ती योग्यच आहे. किल्ल्याभोवतीचा खंदक ओलांडून आत गेले की कमल बसदी लागते. रट्ट राजांच्या काळात, १२०४ मध्ये बांधलेले हे जैन मंदिर. बाहेरून ते फारसे मोठे वाटत नाही. सभामंडपात उभे राहून मान वर केली की मग नावाचा उलगडा होतो. छताच्या मध्यातून एक दगडी कमळ खाली उमलत आलेले आहे. त्याच्या पाकळ्यांची वलये एकाखाली एक उतरत येतात, आणि एवढा जड दगड वरून लोंबतो आहे यावर डोळ्यांचा विश्वास बसायला वेळ लागतो. पाकळ्या बहात्तर, भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतल्या प्रत्येकी चोवीस तीर्थंकरांचा हा हिशेब. खालचे खांब कातून घडवल्यासारखे गुळगुळीत, आणि त्यांच्या काळ्या अंगावर येणाऱ्याजाणाऱ्याची सावली हलताना दिसते. तिथून थोड्या अंतरावर सफा मशीद आहे. विजापूरच्या आदिलशाहीतला सरदार असदखान लारी याने ती १५१९ मध्ये बांधली. तिच्यात जुन्या मंदिरांचे खांब वापरले आहेत आणि त्यांतल्या काहींवर कोरलेली जुनी अक्षरे अजून दिसतात. एकाच कोटात, थोडक्या पावलांत, तीनशे वर्षांच्या अंतराने उभ्या राहिलेल्या या दोन वास्तू. मलाक्क्याच्या जुन्या गल्लीत चिनी देऊळ, मशीद आणि हिंदू देऊळ एका रांगेत पाहिलेल्या मुलाला हे दृश्य अगदीच अनोळखी वाटणार नाही.

पण किल्ला पाहून झाला म्हणजे बेळगाव पाहून झाले, असे समजणे चूक आहे, आणि याचा पुरावा किल्ल्यानेच ठेवला आहे. या जिनालयाला दिलेल्या दानाचे १२०४ चे शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. दान राजाचे होते तसे व्यापाऱ्यांचेही होते. वेणुग्रामाच्या, म्हणजे त्या वेळच्या बेळगावच्या, बाजारात येणाऱ्याजाणाऱ्या मालावरच्या करातून देवळाला उत्पन्न लावून दिलेले होते. त्या व्यापाऱ्यांत स्थानिक होते, तसे लाट देशाचे म्हणजे गुजरातेकडचे आणि मलयाळ देशाचे म्हणजे केरळाकडचेही होते. आठशे वर्षांपूर्वी या गावात परमुलखातले लोक दुकान मांडत होते, गावाच्या सभेत बसत होते आणि गावच्या देवळाला वर्गणी देत होते. म्हणजे ज्या दगडी कमळाकडे आपण आज मान वर करून पाहतो, त्याच्या पूजेअर्चेचा खर्च पेठेतून येत होता. वास्तू आणि बाजार या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. प्रवासी पुस्तिकांनी त्या वेगळ्या केल्या: वास्तूला ‘प्रेक्षणीय’ म्हटले आणि बाजाराला ‘खरेदी’च्या सदरात टाकले. विद्यार्थी दुपारी किल्ल्यातून निघून पेठेत शिरतो तेव्हा तो सहलीचा दुसरा भाग सुरू करत नसतो. सकाळी वाचायला घेतलेल्या इतिहासाचे पुढचे पान उलटत असतो.

बेळगावची पेठ पायी फिरण्याजोगी आहे, हे तिचे मोठे भाग्य. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, किर्लोस्कर रोड, रविवार पेठ हे सगळे एकमेकांना लागून. घाऊक किराणा रविवार पेठेत, कापड आणि किरकोळ सामान खडेबाजाराच्या आणि गणपत गल्लीच्या आसपास. किर्लोस्कर रोड या नावातच एक मोठा धडा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकली विकता विकता दुरुस्ती आली, दुरुस्तीतून कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर आले. पुढे जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. महाराष्ट्राच्या उद्योगाचा एक मोठा वृक्ष या पेठेतल्या एका दुकानातून वाढला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हे वर्गात सांगितले तर ती परीक्षेपुरती माहिती होते. त्या रस्त्यावर उभे राहून कळले, की विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची अडचण रोज ऐकावी लागते आणि त्यातूनच यंत्र सुचते, तर ती गोष्ट जन्मभर पुरते.

या पेठेतला व्यवहार कसा चालतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. दुकानदार गल्ल्यावर बसलेला असतो. गिऱ्हाईक पायरी चढते, आणि तोंड उघडून ते कोणत्या भाषेत बोलते इकडे त्याचा कान असतो. मराठी आली की मराठी, कन्नड आली की कन्नड. गोव्याहून लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या मंडळींशी कोकणी वळणाची मराठी. कॅम्पातल्या जवानाशी हिंदी. मलेशियाच्या मुलीशी मोडकी इंग्रजी आणि बोटांवरचे आकडे. मागे ठाण काढून देणाऱ्या पोऱ्याला तो तिसऱ्याच भाषेत हाक मारतो. दिवसभरात हा माणूस चार भाषांतून फिरतो आणि त्याला त्याचे काही वाटत नाही. मलेशियाच्या मुलांनाही हे नवे नसते. मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी एका वाक्यात मिसळणारी पेठ त्यांच्या देशातही आहे. नवी असते ती इथली घासाघीस: भाव सांगितला की निम्म्यावर मागायचे, मग दोघांनी एकेक पायरी उतरायची, आणि शेवटी ‘बरं, तुमचंही नको, आमचंही नको’ म्हणून मधला आकडा धरायचा. या पाच मिनिटांत विद्यार्थी आकडे शिकतो, हो-नाही शिकतो, समोरच्याचा राग खरा की खोटा हे ओळखायला शिकतो. मुख्य म्हणजे इथे त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलले जाते. वर्गात तो विद्यार्थी असतो, वॉर्डात ‘फॉरेनचा डॉक्टर’ असतो. दुकानाच्या पायरीवर तो गिऱ्हाईक असतो, आणि गिऱ्हाईक कोणत्या देशाचे यावर त्याचा मान ठरत नाही.

सीमा म्हणजे काय, हेही या पेठेत चालत चालत कळू शकते. बेळगाव आणि शहापूर आज एकाच महापालिकेत आहेत. कोठे एक संपते आणि दुसरे सुरू होते हे नवख्याला सांगता येत नाही. पण भारत स्वतंत्र होईपर्यंत बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होते आणि शहापूर सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात. दोन राज्ये, दोन कारभार, आणि मधे फक्त चालत जाण्याएवढे अंतर. शहापूर, वडगाव, खासबाग भागातले विणकर साड्या विणत होते आणि त्या साड्या संस्थानाची हद्द ओलांडून बेळगावच्या दुकानात येत होत्या. पुढे १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, सीमा पुसली गेली, आणि मागाचा खटखटाट चालूच राहिला. आज तो यंत्रमागांचा आहे आणि विणकरांचे हाल वाढले आहेत. शहापूरच्या दुकानातून साडी किंवा ओढणी घेणाऱ्या विद्यार्थ्याने ती शेजारच्या गल्लीत कशी विणली जाते हेही पाहिले, तर त्याच्या पिशवीतल्या वस्तूला अर्थ येईल. जिथे लोक सीमेवरून भांडतात तिथे एक जुनी सीमा कशी नाहीशी झाली, हे पाहणे विशीतल्या मुलासाठी मोठे राजकीय शिक्षण आहे.

मग खाणे. बेळगावची ओळख बाहेरच्या जगात कुंद्याने आणि मांड्याने आहे, आणि दोन्ही पदार्थ नीट पाहिले तर इथल्या मेहनतीची कल्पना येते. कुंदा म्हणजे आटवलेल्या दुधाचे काम. मोठ्या कढईत दूध उकळत ठेवायचे, ते फाटून त्याला दाणा यावा म्हणून थोडे दही घालायचे, पाणी आटेपर्यंत हलवत राहायचे, मग साखर. साखर तापून तांबूस होते त्यातून कुंद्याला तो रंग आणि खमंगपणा येतो. हात थांबला तर खाली लागते. घाई केली तर दाणा येत नाही. मांडे त्याहून अवघड. मऊ भिजवलेली कणीक आधी पोळपाटावर लाटायची, मग दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ताणून रुमालाएवढी पातळ करायची आणि चुलीवर पालथ्या ठेवलेल्या खापरावर अलगद पसरायची. वरून पिठीसाखर, खसखस आणि तूप. कडा सुटू लागल्या की गरम असतानाच चौकोनी घडी घालायची, कारण क्षणभर उशीर झाला तरी मांडा कडक होतो आणि घडीवर मोडतो. लग्नात रुखवतावर मांडे ठेवणारी घरे बेळगावात अजून आहेत, आणि ते करणाऱ्या बायकांचे हात मात्र कमी होत चालले आहेत. गोकाकचा करदंट, म्हणजे डिंक, गूळ आणि सुका मेवा यांची वडी, ही तिसरी. हे तिन्ही पदार्थ टिकाऊ आहेत, आणि ते योगायोगाने नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या शहराला वाटेत नेता येईल असा खाऊ लागतो.

पण परक्या विद्यार्थ्याचे पोट मिठाईने भरत नाही, आणि इथे शहराची खरी परीक्षा होते. मलय मुले मुसलमान असतात, त्यांना हलाल जेवण लागते. कॅम्प आणि खडेबाजाराच्या बाजूला ते मिळते. चिनी वंशाच्या मुलांना भात आणि मासा हवा असतो. कोणाला तिखट सोसत नाही. खानावळीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि वर दह्याची वाटी आली, की पहिल्यांदा ती कशी खायची हेच त्यांना कळत नाही. वाढणाऱ्याने भाकरी मोडून दाखवली तर पुढच्या वेळी तीच मुले आणखी दोघांना घेऊन येतात. परक्या गावात कोणाच्या ताटावर बसायला मिळाले यावर त्या गावाची आठवण ठरते. याचा बेळगावातला सर्वांत प्रसिद्ध दाखला १८९२ चा आहे. त्या वर्षी ऑक्टोबरात एक तरुण बंगाली संन्यासी कोल्हापूरहून इथे आला आणि भाटे नावाच्या वकिलांच्या घरी उतरला, पुढे वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहिला. भाट्यांच्या मुलाने पुढे लिहून ठेवले आहे, की जेवणानंतर पान-तंबाखू मागणारा हा संन्यासी घरातल्यांना विचित्र वाटला होता. तरी त्यांनी त्याला वाढले, त्याच्याशी वाद घातला, त्याचे ऐकून घेतले. तेव्हा स्वामी विवेकानंद हे नाव जगाला माहीत व्हायचे होते. घराची रीत मोडणाऱ्या पाहुण्याला ताटावर बसवून घेतले, म्हणून बेळगावजवळ ही आठवण राहिली.

वैद्यकीय विद्यार्थ्याच्या बाबतीत माझा मुद्दा आणखी घट्ट होतो, आणि त्यासाठी बेळगावहून निपाणीपर्यंत जायला हवे. महामार्गाने सत्तर-ऐंशी किलोमीटर, वाटेत तवंदीचा घाट. निपाणीचे नाव बिडीच्या तंबाखूशी जोडलेले आहे. वखारीत बायका तंबाखू चाळतात, निवडतात. हवेत तिखट धूळ असते आणि ती नाकातोंडात जाते. याच तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे–बेंगळुरू महामार्ग अडवला, आणि ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात बारा शेतकरी गेले. केएलईच्या रुग्णालयात तोंडाच्या आजाराचा, दम्याचा रुग्ण समोर येतो तेव्हा विद्यार्थी केसपेपरवर ‘तंबाखू: होय’ एवढे लिहितो. त्याने निपाणीची पेठ पाहिली असेल तर त्याला कळते, की या ‘होय’च्या मागे एक पीक आहे, एक मजुरी आहे, कर्ज आहे, आणि तंबाखू सोडा म्हणणे सोपे असले तरी तंबाखूवर चाललेले घर सोडवणे सोपे नाही. पथ्य सांगतानाही तेच. मधुमेही बाईला काय खाऊ नका हे सांगण्याआधी ती काय खाते हे माहीत असावे लागते, आणि ते खानावळीत कळते. रुग्णाची भाषा पुस्तकातून येत नाही. ‘दुखतंय’, ‘नोवु’ हे शब्द कानाला आधी पेठेत सवयीचे झाले तर वॉर्डात उपयोगी पडतात.

यावर पहिला आक्षेप असा घेता येईल, की एका दिवसात काय कळते? शहर कळायला वर्षे लागतात. चार दुकाने आणि दोन मिठाया म्हणजे वरवरचे फिरणे. हे म्हणणे अर्धे खरे आहे. एक दिवस पुरेसा नाही, पण तो दिवस आलाच नाही तर पुढची पाच वर्षेही पुरत नाहीत. वसतिगृहाच्या फाटकातून आत-बाहेर करत, मोबाइलवरून मागवलेले जेवण जेवत पदवी घेऊन परत जाणारी मुले असतात, आणि यात दोष त्यांचा थोडा व आपला जास्त असतो. पहिल्या महिन्यात कोणी हाताला धरून पेठेत नेले, तर दुसऱ्या महिन्यात ती आपली आपण जातात. दुसरा आक्षेप असा, की खरेदी आणि खाणे ही उपभोगाची गोष्ट. तिला शिक्षण म्हणणे म्हणजे चैनीला मोठे नाव देणे. मॉलमधल्या खरेदीबद्दल हा आक्षेप मला मान्य आहे. तिथे भाव छापलेला असतो, विकणारा पगारी असतो आणि कोणाशी बोलावे लागत नाही. गणपत गल्लीत मात्र बोलल्याशिवाय रुमालसुद्धा मिळत नाही. फरक पैशाचा नाही, संवादाचा आहे. आणि विद्यार्थ्याजवळ पैसे थोडे असतात, म्हणूनच तो जास्त बोलतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो आपल्याच माणसांकडून येतो. बेळगावच्या पेठेतल्या गोडव्याचे गुणगान करणे म्हणजे सीमाभागातल्या मराठी माणसावर झालेल्या अन्यायावर पांघरूण घालणे, असे ते म्हणतात. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग म्हैसूर राज्यात गेला. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये दिलेला अहवाल महाराष्ट्राने स्वीकारला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले आणि दोन्ही बाजूंच्या बस थांबल्या, तेव्हा चंदगडच्या मुलीचे कॉलेज बुडाले आणि निपाणीच्या मुलाचेही. मराठीतून सरकारी कागद मिळावा ही मागणी करून इथल्या पिढ्या थकल्या. पेठेतला सलोखा या हक्काची जागा घेऊ शकत नाही, आणि घेऊ नये. पण तोच सलोखा या हक्काच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आहे, हे आपण विसरतो. अनेक भाषांत कारभार चालवणे अवघड आहे, असे कोणी म्हटले तर त्याला गणपत गल्लीत न्यावे. कोणतेही अनुदान नसताना, कोणताही आदेश नसताना तिथला दुकानदार रोज चार भाषांत हिशेब चुकता करतो. जे एका गल्ल्यावर जमते ते सरकारी खिडकीवर जमत नाही, हे पटण्यासारखे नाही. आणि हे परक्या विद्यार्थ्याने पाहिले, की त्याला आपली बाजू सांगायला भाषण लागत नाही. आपणही मग त्याला कन्नडचे चार शब्द शिकायला उत्तेजन द्यावे. आपल्या भाषेचा आग्रह धरणाऱ्याने दुसऱ्याच्या भाषेचा मान राखला तर त्याचा आग्रह अधिक खरा ठरतो.

तर करायचे काय? फार मोठा खर्च लागेल असे काहीच नाही. किल्ला, कमल बसदी, सफा मशीद, किर्लोस्कर रोड, खडेबाजार आणि शहापूर यांना जोडणारा पायी फिरण्याचा एक नकाशा मराठी, कन्नड आणि इंग्रजीत छापता येईल. चौथी भाषा मलय घातली तर त्या मुलांना जे वाटेल ते पैशांत मोजता येणार नाही. कमल बसदीच्या शिलालेखांतला बाजार सांगणारा एक फलक तिथे लागला, तर देवळातून पेठेत जाण्याची वाट आपोआप दिसेल. पेठेतल्या रस्त्यांना चालण्याजोगी कडेची जागा हवी. ती दुचाक्यांनी आणि वाढवलेल्या ओट्यांनी खाल्ली आहे, आणि याचा त्रास पाहुण्याआधी इथल्या म्हाताऱ्यांना होतो. कुंद्याच्या पुड्यावर बनवल्याची तारीख आणि घटक ठळक लिहावेत, कारण परमुलखात जाणारा खाऊ विश्वासावर जातो. महाविद्यालयांनी नव्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या महिन्यात असा एक दिवस वेळापत्रकात घालावा आणि प्रत्येक बाहेरच्या मुलाबरोबर इथला एक मुलगा किंवा मुलगी द्यावी. म्हणजे मलेशियाच्या विद्यार्थ्याला वाट दाखवता दाखवता बेळगावच्या मुलालाही आपले गाव पहिल्यांदा नीट दिसेल. हे काम हाती घेण्याचा सर्वांत जास्त अधिकार सार्वजनिक वाचनालयाला आहे. १८४८ पासून ज्या संस्थेने या गावाला वाचायला शिकवले, तिने आता गाव वाचायलाही शिकवावे.

आणि एक विनंती बेळगाव-निपाणीच्या मराठी घरांना. या मुलांना वर्षभरात कितीतरी शिक्षक भेटतात, घर मात्र फारसे भेटत नाही. दिवाळीला, संक्रांतीला, नाहीतर एखाद्या साध्या रविवारी अशा दोन मुलांना जेवायला बोलवा. पाटावर बसवा किंवा टेबलावर, वरण-भात वाढा किंवा भाकरी. आधी काय चालते आणि काय नाही एवढे विचारा. ती उद्या पेनांगच्या किंवा केलांतानच्या रुग्णालयात डॉक्टर असतील. बेळगाव कोणत्या राज्यात आहे या वादाविषयी त्यांना काही माहीत असो वा नसो, बेळगावची माणसे कशी आहेत हे त्यांना माहीत असेल, आणि ते आपण आज कसे वागतो यावर ठरणार आहे.